हान्काच्या संगतीची

१

कळंबच्या अप्पाच्या घरी पोलंडची पोरगी वर्षभर राहायला येणार, ही बातमी अप्पानंच गावभर केली आणि म्हणूनच ती कुणी खरी मानली नाही. याच अप्पानं एकदा कालव्यात मगर शिरल्याचं सांगून सगळ्या आळीची धुणी अडवून ठेवली होती. बाया चुरगळलेल्या परकरासारखं तोंड करून घरात बसल्या आणि हा कालव्यावर एकटा निवांत पाय सोडून. त्यामुळं पोरगी खरोखरच जीपमधून उतरली, तेव्हा तिच्याकडं बघावं का अप्पाकडं, हेच लोकांना कळेना.

पोरीचं नाव हान्का. अप्पानं पहिल्या दमात तिची हणमाक्का करून टाकली. बारावी झाली की कॉलेजात जायच्या आधी एक वर्ष मोकळं ठेवायचं, परक्या देशात कुणाच्या तरी घरी राहायचं, अशी तिकडं पद्धत आहे म्हणे. अप्पाचं म्हणणं, पद्धत आपल्याकडंही आहे, फक्त आपली पोरं बारावीला बसली की त्यांचं वर्ष आपोआप मोकळं होतं. हे सगळं जुळवलं होतं त्याचा नातू दिग्विजयनं. तो पुण्याला नोकरीला. सणाला येतो, मोबाईल चार्ज झाला की जातो.

दारात अप्पाची सून सरूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा ओवाळायचा, बाजूला टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि मग माणूस घरात घ्यायचं. सरूबाईनं तुकडा ओवाळला. टाकायला हात बाजूला नेणार, तोच हान्कानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि चावून चावून खाल्ला. तिच्या मुलखात पाहुण्याला दारात भाकरी आणि मीठच देतात. खाऊन झाल्यावर तिनं मीठ कुठाय म्हणून विचारलं.

सगळी आळी हसली. शेजारची पुतळाबाई तेवढी हसली नाही. तो वाटा पोरीचा नव्हता, वाटंनं तिच्या मागं जे आलं असेल त्याचा होता, आता त्यानं काय खावं, असं ती म्हणाली. पुतळाबाई लग्नाच्या पंगतीतसुद्धा दहाव्याला बसल्यासारखी जेवते, तेव्हा तिचं कोण मनावर घेतो?

अप्पाला मात्र आयतं सापडलं. तो रिकाम्या रस्त्याकडं वळला, टोपी सारखी केली आणि हात जोडून म्हणाला, "या पाव्हणं, या. उपाशी कशापायी ऱ्हाता? आमी जेवायलाच बसतोय."

रस्त्यावर एक शेळी होती. तिनं मान वर केली, अप्पाच्या मागं कुठंतरी बघितलं आणि पुन्हा पाल्याला तोंड घातलं. लोक आणखी हसले.

२

हान्का घरात अशी मुरली, जशी काही इथंच रांगली होती. सकाळी धारेच्या वेळेला उठायची. म्हशीला आधी आपलं नाव-गाव सांगावं लागतं, नाहीतर ती पान्हा सोडत नाही, असं अप्पानं तिला शिकवलं होतं. त्यामुळं रोज पहाटे गोठ्यातून ऐकू यायचं, "मी हान्का, पोलंड." म्हैस गंभीरपणे ऐकून घ्यायची आणि दूध चांगलं द्यायची, त्याला अप्पाचा नाइलाज होता.

मग ती शाळेत पोरांना इंग्रजी गाणी शिकवायला जायची. दुपारनंतर बागेत. अप्पाचा मुलगा सोपान पेरूवाला. झाडावरच्या एकेका पेरूला फोमची जाळी आणि वरून पिशवी घालायची, हे काम तो असं करायचा की पोटच्या पोरालाही त्यानं इतक्या मायेनं टोपडं घातलं नसेल. हान्काचा हात त्यात लगेच बसला.

आणि सरूबाई? दिग्विजय पुण्याला गेल्यापासून तिच्या चुलीपुढं दोन गडी जेवायला बसायचे, एक गप्प आणि एक खोड्याळ. आता वाढलेलं सगळं संपवणारी, वर बोटं चाटणारी पोरगी मिळाली. सरूबाई गाणं म्हणायला लागली. आवाज बेताचाच होता, पण कुणी बोललं नाही.

अशाच एका संध्याकाळी तिनं ताटं मांडली आणि एक जास्त मांडलं.

"हे कुणाचं?" अप्पानं विचारलं.

सरूबाईनं ताटांवरून नजर फिरवली, माणसांवरून फिरवली आणि हसून म्हणाली, "मामंजी, तुमीच ठिवलं आसंल. माज्या हातनं न्हाय जात जास्तीचं."

अप्पानं ठेवलं नव्हतं. पण न केलेल्या खोडीचं श्रेय फुकट मिळत असलं तर कोण सोडतो? त्यानं डोळा मारला. सगळे हसले आणि ताट परत फडताळात गेलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बाहेर होतं. तेव्हाही अप्पाचंच नाव झालं. त्यानंतर कुणी विचारेनासंच झालं आणि ताट भिंतीकडच्या जागी राहायला लागलं.

३

अप्पा स्वतःला समजवत राहिला. वय झालं. आपणच ठेवत असू आणि विसरत असू. खोड्या करणाऱ्याला स्वतःच्या खोड्या आठवू नयेत, ही म्हातारपणाची शिक्षा म्हणायची.

मग एकदा त्या ताटात भाकरी दिसली. सरूबाईनं वाढता वाढता वाढली, कोरड्यास वाढलं, कडेला ठेचा ठेवला आणि पुढं सरकली, डोळे झाकूनही वाढता येतं तशी. अप्पानं मनात ठरवलं की आज नजर हलवायची नाही. मांजर असलं तर दिसेल. तो घास चावत त्या ताटाकडं बघत बसला.

सोपाननं विचारलं, "अप्पा, बारामतीच्या मार्केटला उद्या पेरू धाडू का परवा?"

अप्पा म्हणाला परवा. एवढंच. मान वळवून परत आणली तोवर ताट पुसून काढल्यासारखं लख्ख होतं. ठेचासुद्धा उरला नव्हता. ठेचा खाणारं मांजर अप्पानं ऐकलं नव्हतं.

हे पुढं पुष्कळदा झालं. दर वेळी नेमक्या त्याच क्षणाला कुणीतरी त्याला काहीतरी विचारायचं. आणि खरी अडचण निराळीच होती. जेवण फार मजेचं व्हायचं. सगळे एकमेकांना खेटून बसायचे, गप्पा रंगायच्या, आणि कधीकधी सगळे हसत असताना अप्पाला वाटायचं की हसण्यात एक आवाज जास्तीचा आहे. बारीक, दाबून हसल्यासारखा. त्याच्याच चेष्टेला हसणारा. आता अशा आवाजाला घाबरावं का खूश व्हावं? म्हातारा आधी खूश व्हायचा आणि अंथरुणावर पडल्यावर घाबरायचा.

एकदा पुतळाबाईनं कुंपणावरून विचारलं, पोरी कालव्याकडं निघाल्या का. पोरगी एकच आहे, असं अप्पानं ठणकावून सांगितलं. पुतळाबाईनं कालव्याच्या वाटेकडं बघितलं, अप्पाकडं बघितलं. व्हय की, म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून आत गेली. अप्पाच्या घरावर टोमणा मारायची संधी तिनं जन्मात पहिल्यांदा सोडली. ते अप्पाला फार लागलं.

४

उन्हं कलायला लागली होती. अप्पा बाजेवर पडून हान्कासाठी नवी थाप जुळवत होता. घरामागं धुणं चाललं होतं. दगडावर कपडे आपटल्याचा आवाज, मग पाणी ओतल्याचा, मग कापडातून पाणी निथळतं तो आवाज.

तो उठून कोपऱ्यापर्यंत गेला. तारेवर सोपानचं धोतर आणि सरूबाईचं लुगडं वाळत होतं, त्यामुळं पलीकडचं अर्धंच दिसत होतं. हान्का जाड चादर पिळत होती. एक टोक तिच्या हातात. ती पीळ देत होती आणि चादर दोरखंडासारखी ताठ झाली होती. दुसरं टोक लुगड्याआड गेलेलं. तिकडूनही पीळ बसत होता, उलट्या बाजूनं. पाणी धारेनं गळत होतं.

जाड चादर एकट्या माणसाला पिळता येत नाही. हे काही शाळेत शिकवत नाहीत, पण घरात कळतं.

सरूबाई मदतीला आहे, अप्पानं मनाशी म्हटलं, आणि बरं वाटून तो वळला.

"मामंजी, च्या घेता का?" सरूबाईनं मागनं विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात गाळणं घेऊन.

अप्पानं परत तिकडं मान वळवली. हान्कानं आपलं टोक पुढं केलं, जसं चादर घडी घालताना समोरच्याच्या हातात देतात तसं, आणि ते घेतलं गेलं. लुगड्याच्या खालच्या काठापाशी ओल्या मातीत पाय दिसले. क्षणभरच. टाचा त्याच्याकडं होत्या. बोटं कुठं होती ते त्याला दिसलं नाही, आणि मातीत ज्या रीतीनं ते पाय टेकले होते त्यावरून बोटं बघायची त्याला इच्छाही झाली नाही.

त्यानं चहा घेतला. पुन्हा एक कप मागितला.

५

दुसऱ्या दिवशी सरूबाई परातीत पीठ मळत होती, तेव्हा अप्पा जवळ जाऊन बसला आणि खोडी न काढता सरळ बोलला. सुनेला त्याचीच आधी भीती वाटली.

"भिंतीकडच्या ताटावर कोण जेवतं, सरू?"

"ती न्हाय का, हान्काच्या संगतीची."

"कवा आली ती?"

"तिच्याबरुबरच की."

"तू तिला इचारलंस कवा, कोण म्हणून?"

सरूबाईचे हात थांबले नाहीत. "मी कशाला इचारू? पाव्हण्या माणसाला कुणी इचारतं का, तुज्या संगतीला कोण हाय म्हणून? बरं दिसतं का ते? खाती-पिती, कामाला हात लावती. आपल्याला काय जड हाय?"

अप्पानं तिला विचारलं, दिसायला कशी आहे. गोरी का काळी, म्हातारी का तरणी. सरूबाई सांगायला तोंड उघडून थांबली. पिठाकडं बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी आली, विसरलेलं नाव आठवताना येते तशी. मग ती एकदम चिडली, मला कामं आहेत म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली. पहिली भाकरी तव्यावर टाकेपर्यंत ती पुन्हा गाणं म्हणत होती.

सोपानचंही तेच. हान्काची कुणीतरी असेल, आपण विचारणं बरं नव्हे. घरात आलेल्या माणसाला मान द्यायचा एवढंच त्याला ठाऊक, बाकी डोकं पेरूच्या पिशव्यांत.

अप्पा विचार करत राहिला. घर सुखात होतं, हे तर त्याला डोळ्यांनी दिसत होतं. दिग्विजयच्या जाण्यानं पडलेलं भगदाड बुजलं होतं. आता आपण आरडाओरडा केला तर काय होईल? पोरगी घाबरून जीपमध्ये बसेल, सरूबाई परत मुकी होईल, आणि लोक म्हणतील, अप्पाची ही खोडी जरा जास्तच झाली. खरं बोलायला जावं तर ते कुणी खरं मानेल अशी सोय त्यानं आयुष्यभरात ठेवली नव्हती.

म्हणून तो गप्प बसला. पोरीला काही इजा होत नाही ना, तेवढं बघत राहिला. होत नव्हती. वर्ष सरत आलं.

६

जायच्या आदल्या दिवशी सकाळी हान्का पिशव्या भरत होती. आता ती कळंबची बोली बोलायची, सरूबाईच्या हेलासकट. तिकडं गेल्यावर ती मोठ्या शहरात कॉलेजला जाणार होती. आईबापाचं घर लांब, हिची खोली एकटीची, इमारतीत कुणी कुणाला ओळखत नाही, असं ती सांगत होती. अप्पा ऐकत होता आणि तिच्या सामानात गुपचूप एक दगड सरकवत होता, विमानतळावर मजा यावी म्हणून.

"अप्पा," ती एकदम म्हणाली, "तिनं बी पिशवी भरलीया."

"कुणी?"

"तुमच्या घरातली ती. मला चादर पिळू लागती ती." ती जरा लाजली. "नाव ठाव न्हाय मला. तुमी कुणी सांगितलं न्हाय, मग मी इचारलं न्हाय. लोकांच्या घरात काय असतं, पाव्हण्यानं इचारू न्हाय, असं आई म्हणती. ती माज्या खाटंशेजारीच निजती की. मला वाटलं, तुमची कुणीतरी असंल."

अप्पाच्या हातातला दगड जमिनीवर पडला.

इकडच्यांना वाटलं ती तिकडची. तिकडचीला वाटलं ती इकडची. सगळी माणसं सभ्य निघाली आणि वर्षभर कुणी तोंड उघडलं नाही.

हान्कानं दाराआड बोट दाखवलं. तिथं फडक्याचं एक गाठोडं होतं. अप्पा गुडघ्यांवर हात देत खाली वाकला आणि त्यानं त्यावर तळवा ठेवला. आत काय होतं ते बोटांना कळेना. वजन नव्हतंच म्हटलं तरी चालेल. पण गाठोडं ऊबदार होतं, आणि तळव्याखाली ते किंचित फुगलं आणि बसलं, छाती फुगते आणि बसते तसं. त्यानं गाठ सोडली नाही.

"मला सोडायला येनार हाय का ती?" हान्कानं विचारलं. "का लांब, माज्या मुलखापातूर?"

तिनं सहज विचारलं, पण शेवटचे शब्द बारीक झाले होते. परक्या शहरातली एकटीची खोली अप्पाला दिसली. एकच खाट, एकच ताट. आणि तिथं सरूबाई नाही, सोपान नाही, घोळक्यातली ऊब नाही. हिच्या आणि तिच्या मधे कुणीच नाही.

खरं सांगितलं तर पोरगी जन्मभर दिव्याशिवाय झोपणार नाही. अप्पानं तोंड सरळ केलं. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी थाप होती आणि ती मारताना त्याच्या मिशीचा केससुद्धा हलला नाही.

"माजी बहीण हाय ती. लांबची. जरा लाजाळू हाय म्हणून कुणाशी बोलत न्हाय. तिला तू आत्या म्हण. बारामतीपातूर येईल आनि माज्याबरुबर माघारी फिरंल. कुठं बी जात न्हाय ती. हितंच ऱ्हाती, आमच्यापाशी."

हान्काचा चेहरा उजळला. दाराकडं बघून ती म्हणाली, "आत्या."

दाराआड काहीतरी हललं, खूप दिवसांनी हाक मारल्यावर माणूस हलतं तसं.

७

सरूबाई रडली, पुतळाबाईनंही लांबून हात हलवला आणि पेरूचा टेम्पो बारामतीला निघाला. केबिनमध्ये सोपान, अप्पा आणि मधे हान्का. तिघांना जागा पुरते, तरी सगळे अंग चोरून बसले होते. सोपानचा गिअर बदलताना हात अडखळायचा.

मार्केट यार्डाला सोपान लिलावासाठी थांबला आणि अप्पा पोरीला घेऊन एसटी स्टँडवर आला. पुण्याला तिला घ्यायला तिची माणसं येणार होती. पुण्याची गाडी फलाटाला लागली, लोक खिडक्यांतून रुमाल टाकायला धावले. हान्का चढली, खिडकीशी बसली. गाडी गच्च भरली. लोक उभे राहिले. तिच्याशेजारची जागा मात्र रिकामी राहिली.

अप्पा खालून बघत होता. एक जाडा माणूस त्या जागेपाशी आला, खाली बघितलं आणि पुढं गेला. एका पोरानं दप्तर टेकवायला नेलं आणि उचललं. सॉरी म्हणाला.

ड्रायव्हर जागेवर चढला. अप्पानं शेजारच्या टपरीवरून केळ्यांची फणी उचलली, पैसं आलो की देतो म्हणाला आणि कोपरं मारत गाडीत शिरला. केळी हान्काच्या मांडीवर ठेवली. मग रिकाम्या जागेकडं वाकला. तिथून ओल्या चादरीचा आणि चुलीचा वास येत होता. वाईट वास नव्हता. घराचा होता.

"ऐक," तो हळू बोलला, "हिला आई हाय तिकडं. हिच्या मागं जायाचं न्हाय. तुजं मानूस मी हाय. तुला काय लागंल ते मी बघंन, मरंपातूर. चल घरी."

हान्काला वाटलं आत्या रडतेय. तिनं त्या जागेवरचा हवेतला कसला तरी काठ सारखा केल्यासारखा हात फिरवला. "जा आत्या," ती म्हणाली, "अप्पाला सांभाळा. ते लई खोटं बोलत्यात."

कंडक्टर ओरडला तसा अप्पा खाली उतरला. मागं वळून त्यानं बघितलं नाही. बघावं असं मानेला फार वाटत होतं. गाडी हलली तेव्हाच त्यानं नजर वर केली. हान्काच्या शेजारी एक बाई मांडीवर पोर घेऊन ऐसपैस बसली होती आणि हान्काच्या केळ्यांकडं बघत होती. हान्का हात हलवत होती. अप्पानं टोपी काढून हलवली, गाडी वळेपर्यंत.

टपरीवाल्याचे पैसे देऊन तो कळंबच्या गाडीत चढला. खिडकीशी बसला आणि शेजारी जागा ठेवली. गाडी भरत गेली. एक ओळखीचा गडी आला, बसायला वाकला, मग म्हणाला, "कुनी हाय व्हय, अप्पा?"

"घरचंच मानूस हाय," अप्पा म्हणाला.

गाडी निघाली. उन्हं उसावर तिरपी पडली होती. कारखान्याची चिमणी दिसायला लागली आणि तेव्हा त्याच्या खांद्यावर वजन आलं. हळूहळू आलं, झोप लागलेल्या माणसाचं डोकं कलतं तसं. अप्पा ताठ झाला. श्वास मानेला लागत होता, थंड, पण सावकाश. त्यानं खिडकीबाहेर डोळे रोखले. काचेत बघायचं त्यानं टाळलं.

एका खड्ड्यात गाडी आदळली. ते डोकं घसरायला लागलं. अप्पानं न बघताच खांदा जरा वर उचलला आणि धोतराचा सोगा धरून सावरून बसला, म्हणजे झोपमोड व्हायची नाही.

कळंबचा फाटा आला.

"ऊठ," तो म्हणाला, "आलं घर."